लॅपटॉपची बाहेरून ओळख: कुठली खाच कशाची, कुठलं बटण कशाचं

लॅपटॉप घरी आला की खोक्यातून काढून लगेच चालू करायची घाई सगळ्यांनाच होते. माझा आग्रह वेगळा आहे. आधी तो बंदच ठेवा, उजेडाच्या जागी टेबलावर ठेवा आणि चारही बाजूंनी निवांत फिरवून बघा. वाकलेल्या पिना, खिळखिळा झालेला चार्जिंगचा पोर्ट (पोर्ट म्हणजे वायर लावायची खाच), आतून तुटलेली यूएसबीची जीभ हे सगळं बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच होतं, आणि कारण एकच असतं: कुठली वायर कुठे जाते हे न बघता लावलेला जोर. बाहेरचा प्रत्येक भाग आकारावरून आणि शेजारच्या खुणेवरून ओळखता येतो. ते एकदा डोळ्यांत बसलं की जोर लावायची वेळच येत नाही.

उदाहरणासाठी मी डेल लॅटिट्यूड, लेनोवो थिंकपॅड, एचपी एलिटबुक असे कंपन्यांच्या वापरातले लॅपटॉप धरतो. कार्यालयांतून निघालेले हे लॅपटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेले, म्हणून बाजारात येतात, विद्यार्थी आणि छोटे दुकानदार तेच घेतात, आणि त्यांच्यावर पोर्ट भरपूर असतात. नव्या सडपातळ लॅपटॉपवर यातले निम्मेच सापडतील, पण जे असतील ते असेच दिसतील.

पहिली पायरी: अडॅप्टरचं लेबल वाचा

सुरुवात लॅपटॉपपासून नको, अडॅप्टरपासून करा. त्या काळ्या ठोकळ्याच्या पोटावर बारीक अक्षरांत लेबल असतं. त्यातल्या दोनच ओळी कामाच्या. इनपुटच्या ओळीत १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असतं, म्हणजे आपल्या घरच्या विजेवर तो बिनधास्त चालतो, आणि परदेशी नेला तरी फक्त प्लगची पिन बदलावी लागते. आउटपुटची ओळ जास्त महत्त्वाची. समजा तिथे १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर लिहिलंय. दोन्हींचा गुणाकार केला की ६५ वॅट येतात. उद्या अडॅप्टर बदलायची वेळ आली तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो, असं होत नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण दुकानात ‘बसतोय ना, मग घेऊन जा’ असं सर्रास सांगितलं जातं.

लेबलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणीची खूणही शोधा. तिच्याखाली इंग्रजी ‘आर’ अक्षर, आडवी रेघ आणि आठ आकडे असतात. ती नसेल तर तो अडॅप्टर घेऊ नका.

आता पिन बघा. डेलच्या गोल पिनेच्या पोकळीत मधोमध सुईसारखी एक बारीक काडी दिसते. वीज तिच्यातून येत नाही. अडॅप्टर कुठला, किती वॅटचा, हे लॅपटॉपला तिच्यातून कळतं. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी भरत नाही, आणि लोक विनाकारण नवी बॅटरी घेतात. म्हणून पिन नेहमी सरळ आत घालायची आणि सरळ बाहेर काढायची. वायरला धरून तिरकं ओढायचं नाही.

भिंतीकडच्या टोकाला तीन पिनांचा प्लग असेल तर त्यातली मोठी पिन अर्थिंगची. ती कापून किंवा दोन पिनांचा जोड लावून काम भागवू नका. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकवल्यावर झिणझिण्या येत असतील तर बऱ्याचदा घरच्या अर्थिंगमध्ये गडबड असते. वायरमनला बोलवा, लॅपटॉप दुरुस्तीला टाकू नका.

दुसरी पायरी: डावी आणि उजवी कड

झाकण मिटलेलंच राहू द्या. लॅपटॉप असा ठेवा की बिजागरी पलीकडे आणि उघडायची कड तुमच्याकडे येईल. आता जी डावी ती डावी, जी उजवी ती उजवी. मोबाइलचा टॉर्च लावा आणि एकेक खाच आतून बघा.

आयताकृती, साधारण बोटाच्या पेराएवढी रुंद, आत प्लास्टिकची एक पट्टी: ही यूएसबी-ए. पेनड्राइव्ह, माऊस, प्रिंटर सगळं इथेच लागतं. त्या पट्टीलाच जीभ म्हणतात. जीभ बहुतेक वेळा खाचेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे पेनड्राइव्हच्या तोंडातली प्लास्टिकची पट्टी खाली आणि पोकळी वर अशी धरली की तो पहिल्याच वेळी बसतो. जिभेचा रंग बघा. काळी किंवा पांढरी असेल तर तो बहुधा यूएसबी २.०, वेग सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत. निळी असेल तर यूएसबी ३.०, वेग ५ गिगाबिटपर्यंत. पण रंगावर पूर्ण भरवसा नको, काही कंपन्या जलद पोर्टलाही काळीच जीभ देतात. खात्रीची खूण म्हणजे शेजारी छापलेली दोन इंग्रजी ‘एस’ अक्षरं. टॉर्चच्या उजेडात आत बघितलं तर फरक डोळ्यांना दिसतो: जुन्या पोर्टात चार संपर्कपट्ट्या, नव्यात त्या चारांखेरीज आणखी पाच. एखाद्या यूएसबीजवळ बॅटरीची किंवा विजेची छोटी खूण असेल तर तो पोर्ट लॅपटॉप बंद असतानाही मोबाइल चार्ज करतो.

लहान, दोन्ही टोकांना गोलसर, लांबटगोल खाच म्हणजे यूएसबी-सी, आपण सगळे टाइप-सी म्हणतो ती. आत २४ संपर्क असतात आणि प्लग कुठल्याही बाजूने घातला तरी चालतो. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण दोन खाचा हुबेहूब सारख्या दिसतात आणि दोघींची कामं निराळी असतात. एक फक्त फाइली नेते-आणते, दुसरी त्यासोबत चार्जिंगही करते आणि बाहेरच्या स्क्रीनला चित्रही देते. फरक शेजारच्या खुणेत असतो. प्लगची किंवा बॅटरीची खूण असेल तर तिथून चार्जिंग होतं. इंग्रजी ‘डी’च्या आकारात ‘पी’ गुंफलेला दिसला तर तिथून मॉनिटर लागतो. बाणाचं टोक असलेली वीज काढलेली असेल तर तो थंडरबोल्ट, तिथे चित्र आणि फाइली दोन्ही जातात. थंडरबोल्ट ३ चा वेग ४० गिगाबिट आहे. खूणच नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून बघा, अंदाजाने चार्जर लावून बसू नका. मोबाइलचा टाइप-सी चार्जर लावला आणि लॅपटॉपने ‘चार्जर कमी ताकदीचा आहे’ असा संदेश दिला, तर तो पोर्ट बिघडलेला नसतो. ६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला तो चार्जर पुरा पडत नसतो, इतकंच.

युरोपीय संघात २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपला टाइप-सी चार्जिंग सक्तीचं ठरलं आहे. गोल पिनांचे प्रकार त्यामुळे हळूहळू कमी होत जातील, पण जुन्या बाजारात ते अजून पुष्कळ दिसतील.

स्क्रीनच्या वायरींसाठी तीन खाचा ओळखायच्या. टीव्हीला असते ती एचडीएमआय: वरची कड रुंद, खालचे दोन्ही कोपरे आत वळलेले. तिच्यासारखीच दिसणारी, पण एकच कोपरा कापलेली, ती डिस्प्लेपोर्ट. तिच्या प्लगवर बहुधा दाबायची कळ असते, ती न दाबता ओढली तर पोर्टच उपटून येतो. तिसरी व्हीजीए: रुंद, निळी, तीन ओळींत १५ छिद्रं, दोन्ही बाजूंना स्क्रू. आयबीएमने १९८७ साली आणलेली ही जोडणी नव्या लॅपटॉपवर आता दिसत नाही, पण शाळा-महाविद्यालयांतले जुने प्रोजेक्टर अजून तीच वायर मागतात. शिक्षकांनी आणि कार्यक्रमाला पडदा लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए असेल तर ‘एचडीएमआयकडून व्हीजीएकडे’ असा कन्व्हर्टर लागतो. उलट्या दिशेचा कन्व्हर्टर दिसायला तसाच असतो पण चालत नाही. घेताना दिशा सांगून घ्या. आणि व्हीजीएच्या प्लगमधल्या पिना केसासारख्या वाकतात, म्हणून आधी आकार जुळवा, मग दाबा, शेवटी स्क्रू बोटांनी हलके फिरवा.

चौकोनी खाच, आत आठ सोनेरी तारा: ही नेटवर्कच्या वायरीची. बारीक लॅपटॉपवर ती पूर्ण उंचीची मावत नाही, म्हणून तिचा खालचा जबडा खाली ओढावा लागतो, मग प्लग बसतो. तो जबडा न उघडता प्लग दामटला की जबडा तुटतो. आणखी एक सावधगिरी हवीच. यूएसबी-ए ची पिन या खाचेत जवळजवळ नेमकी बसते. न बघता, चाचपून पेनड्राइव्ह लावणारे हमखास इथे फसतात. पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणून तो दुसरीकडे लावून बघतात, आणि तोवर आतल्या तारा वाकलेल्या असतात. म्हणून लॅपटॉपच्या मागच्या बाजूला हात घालून काहीही लावू नका, लॅपटॉप फिरवा आणि बघून लावा.

बाकीचं पटकन सांगतो. गोल भोक, शेजारी हेडफोनची खूण: ऑडिओ जॅक, ३.५ मिलिमीटरचा. खुणेत माइकही काढलेला असेल तर मोबाइलचा इअरफोन माइकसकट चालतो. त्याच्या पिनेवर तीन काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असतात. जुन्या लॅपटॉपवर माइकचं भोक वेगळं असतं. रुंद, पातळ फट म्हणजे कॅमेऱ्याचं एसडी कार्ड. मोबाइलचं छोटं कार्ड त्यात थेट घालू नका, ते आत अडकून बसतं, आधी कार्डाच्या जोडात घाला. सुमारे ७ मिलिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर उंच, आत संपर्कपट्ट्या नसलेली पोकळ खाच म्हणजे केन्सिंग्टन कुलपाची जागा. साखळी लावून लॅपटॉप टेबलाला बांधायला ती असते, तिच्यात वीज नसते आणि दुसरं काही लावायचं नसतं. डीव्हीडीचा कप्पा असेल तर त्याच्या तोंडावर बटण आणि सुईएवढं छिद्र दिसेल. लॅपटॉप बंद असताना त्या छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घातली की कप्पा उघडतो.

जाळीदार फटी मात्र पोर्ट नव्हेत. लॅपटॉप चालू असताना त्यांतून गरम हवा बाहेर पडते. ती कड भिंतीला किंवा उशीला टेकलेली नको.

तिसरी पायरी: कडेची छोटी सरकपट्टी

हिला वेगळी पायरी देतोय, कारण या एका पट्टीमुळे लोक लॅपटॉप दुरुस्तीला नेतात. काही जुन्या डेल, एचपी आणि लेनोवो लॅपटॉपवर पुढच्या किंवा बाजूच्या कडेला नखाएवढी पट्टी असते. शेजारी अँटेना आणि लहरींची खूण असते. ही वाय-फायची पट्टी. बॅगेत घालताना ती सरकते आणि वाय-फाय बंद होतं. मग विंडोजमध्ये कितीही शोधलं तरी वाय-फाय चालू होत नाही, कारण ते बाहेरून बंद केलेलं असतं. काही लॅपटॉपवर पट्टीऐवजी कीबोर्डवर अँटेनाची किंवा विमानाची खूण असलेली कळ असते. वाय-फाय गेलं की आधी या दोन गोष्टी बघायच्या.

तशीच एक सरकपट्टी कॅमेऱ्यावर असते. थिंकपॅडच्या नव्या मॉडेलांवर ती स्क्रीनच्या वर, भिंगासमोर असते. सरकवली की भिंगावर लाल ठिपका येतो आणि कॅमेरा झाकला जातो. ऑनलाइन मुलाखतीत पडदा काळा दिसला तर आधी तिथे बोट लावा.

चौथी पायरी: झाकण उघडा

झाकण कोपऱ्याला धरून उघडू नका, पुढच्या कडेच्या मध्याला धरा. कोपऱ्याला धरून उघडलं की एकाच बिजागरीवर ताण येतो आणि तिथलं प्लास्टिक चिरतं. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत मध्ये कॅमेरा, त्याच्या बाजूला छोटा दिवा आणि एक-दोन बारीक छिद्रं असतात. कॅमेरा वापरात असेल तेव्हा दिवा लागतो. छिद्रं माइकची. त्यांवर स्टिकर किंवा चिकटपट्टी लावली तर तुमचा आवाज समोरच्याला दबका ऐकू जातो.

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो ते आतल्या चुंबकामुळे. झाकणात चुंबक, कीबोर्डच्या बाजूला त्याची जाणीव होणारा छोटा भाग. म्हणूनच चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल कीबोर्डशेजारी ठेवला की काही लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी होते. मोबाइल उचला, स्क्रीन परत येते.

पाचवी पायरी: कीबोर्ड

एमएस-सीआयटी ज्यांनी डेस्कटॉपवर केली, त्यांना अक्षरांच्या कळा ओळखीच्याच असतात. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांनी चाचपा, टायपिंगला दोन्ही तर्जन्या तिथे ठेवायच्या. नवीन आहे ती डाव्या खालच्या कोपऱ्यातली ‘एफएन’ कळ. ती एकटी काहीच करत नाही. वरच्या एफ-१ ते एफ-१२ या ओळीत प्रत्येक कळीवर दोन कामं लिहिलेली असतात आणि त्यांतलं कुठलं घडेल ते एफएन ठरवते. सूर्याच्या खुणेने उजेड कमी-जास्त होतो. स्पीकरच्या खुणेने आवाज. दोन स्क्रीनच्या खुणेने प्रोजेक्टर लागतो, आणि विंडोज कळीसोबत पी दाबूनही तेच काम होतं. खूण कुठल्या कळीवर आहे ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून आकडा पाठ करू नका, खूण पाठ करा.

एक्सेलमध्ये एफ-२ दाबलं आणि आवाज कमी झाला, असं झालं तर कीबोर्ड बिघडलेला नाही. एस्केप कळीवर कुलपाची किंवा ‘एफएन लॉक’ची खूण शोधा. एफएनसोबत ती दाबली की वरच्या ओळीची दोन्ही कामं आपसांत बदलतात. जुन्या थिंकपॅडवर कोपऱ्यात एफएन आणि तिच्या उजवीकडे कंट्रोल असते, इतर बहुतेकांवर उलट. कॉपी-पेस्ट होत नसेल तर आधी तेच बघा.

रुपयाची खूण आपण २०१० साली स्वीकारली आणि भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक कीबोर्डांवर ती ४ च्या कळीवर छापलेली असते. विंडोजमध्ये भाषा ‘इंग्रजी (भारत)’ निवडलेली असेल तर उजवीकडची ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतो. मराठीसाठी कळांवर काही छापलेलं नसलं तरी अडत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा, मग विंडोज कळ धरून स्पेसबार दाबला की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते.

सहावी पायरी: टचपॅड आणि लाल ठिपका

कीबोर्डखालचा गुळगुळीत चौकोन म्हणजे टचपॅड. बटणं वेगळी दिसली नाहीत तरी ती आहेत, चौकोनाची खालची कड दाबून बघा. डावीकडे दाबलं तर निवड होते, उजवीकडे दाबलं तर जास्तीचे पर्याय उघडतात. दोन बोटांनी हलका टिचका मारला तरी पर्याय उघडतात, दोन बोटं वर-खाली फिरवली की पान सरकतं. बाण अजिबात हलत नसेल तर वरच्या ओळीत टचपॅडची खूण असलेली कळ दाबली गेलीय का बघा.

थिंकपॅडवर जी, एच आणि बी या कळांच्या मध्ये लाल रबरी ठिपका असतो. अनेकांना ते शोभेचं काहीतरी वाटतं. तो ट्रॅकपॉइंट, १९९२ पासून थिंकपॅडवर आहे. बोटाने ढकलायचा नाही, ज्या दिशेला बाण न्यायचा त्या दिशेला नुसता दाब द्यायचा. त्याची तीन बटणं टचपॅडच्या वर, स्पेसबारखाली असतात. मधलं धरून ठिपका दाबला की पान सरकतं. हात कीबोर्डवरून न उचलता लिहिणाऱ्यांना मी हा मनापासून सुचवतो.

सातवी पायरी: पॉवरचं बटण आणि दिवे

वर्तुळाच्या फटीत उभी रेघ, ही पॉवरची खूण. बटण कीबोर्डच्या वर वेगळं असतं, किंवा नव्या लॅपटॉपवर डिलीटच्या शेजारी, इतर कळांसारखंच. एकदा हलकं दाबायचं आणि सोडायचं. चालू लॅपटॉपवर ते दाबलं तर बहुतेक वेळा तो झोपतो, बंद होत नाही. सगळं अडकून बसलं, माऊसही हलेना, तेव्हाच ते सुमारे दहा सेकंद दाबून धरा. यात न साठवलेलं काम जातं. काही लॅपटॉपवर बटणातच बोटाचा ठसा घेणारा भाग असतो.

चार्जिंगच्या पोर्टजवळचा दिवा बघायची सवय लावा. एचपीवर चार्जिंग चालू असताना तो पिवळट, पूर्ण झालं की पांढरा. चुंबकाने चिकटणाऱ्या मॅगसेफ वायरीच्या मॅकबुकवर पिवळट आणि मग हिरवा. डेलवर पिवळा आणि पांढरा आळीपाळीने लुकलुकत असेल आणि स्क्रीनवर काहीच येत नसेल तर किती वेळा पिवळा, किती वेळा पांढरा ते मोजून कागदावर लिहा. कुठला भाग बिघडलाय ते त्या आकड्यांतून कळतं आणि दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम होतं.

आठवी पायरी: पोट

लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा, मऊ कापडावर उलटा ठेवा. पोटावरच्या फटींतून थंड हवा आत जाते, म्हणून गादीवर किंवा मांडीवरच्या चादरीवर लॅपटॉप तापतो आणि मंदावतो. कोपऱ्यांतली रबरी बुटकं त्याला टेबलापासून उचलून धरतात. एखादं निघालं असेल तर लगेच नवं चिकटवा, नाहीतर हवेची जागाच उरत नाही.

जुन्या मॉडेलवर बॅटरीच्या दोन खिट्ट्या असतात. एक कुलपाच्या खुणेची, सरकवली की तिथेच राहते. दुसरीला आत स्प्रिंग असते, ती धरूनच ठेवावी लागते, तोवर दुसऱ्या हाताने बॅटरी ओढायची. खिट्ट्या दिसत नसतील तर बॅटरी आत बंद आहे, ती घरी उघडायची नाही. पोट मध्ये फुगलेलं वाटलं, टेबलावर लॅपटॉप डुगडुगला किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. तसा लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, वापरू नका, सरळ सेवा केंद्रात न्या.

शेवटी पोटावरचं लेबल. मॉडेलचं नाव आणि अनुक्रमांक तिथे असतो, डेलवर त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात आणि तो सात अक्षर-आकड्यांचा असतो. ही अक्षरं वापरात घासून पुसट होतात. आजच मोबाइलने स्वच्छ फोटो काढा, अडॅप्टरच्या लेबलचाही काढा, आणि दोन्ही फोटो स्वतःला ईमेलने पाठवून ठेवा. सेवा केंद्रात फोन केला की पहिला प्रश्न याच क्रमांकाचा असतो, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देतानाही तोच लिहावा लागतो.